अकरा सेकंदांचे झाकण

१२ मार्च, गुरुवार

…आणि सोडले. झाकण पडले नाही. उतरले. पेटीतली हवा फटीतून बाहेर पडत होती आणि झाकण तिच्यावर बसून खाली येत होते. मी हात मागे घेऊन उभी. टेकले तेव्हा आवाजही आला नाही.

पुन्हा उचलले, पुन्हा सोडले. मोबाईलवर मोजले. अकरा सेकंद.

नवव्या पेटीला जमले. आधीच्या आठांची झाकणे साधी. ठेवली की बसतात.

मिलिंद रेल्वेतली रात्रपाळी करून झोपला होता. उठवले. डोळे चोळत गच्चीवर, माझ्या पत्र्याच्या खोलीत आला. दाखवले. "अजून एकदा," म्हणाला. असे चार वेळा म्हणाला. मग, "ह्यासाठी उठवलंस व्हय मला?"

साडेदहाला अकरावीचा तास. काय शिकवले आठवत नाही. नखांत भुसा होता, तो मुलींनी पाहिला.

१३ मार्च

लिहून ठेवते, नाही तर पुन्हा जमणार नाही.

चारही भिंती एकाच फळीच्या, म्हणजे लाकडाच्या रेषा कोपऱ्यावरून वळून पुढे जातात. वर-खाली एकेक फळी. सगळे गोंदाने बंद. सहा बाजूंनी बंद, उघडायला काहीच नाही, असा ठोकळा आधी करायचा. मग करवतीने वरचा भाग कापून वेगळा करायचा. तेच झाकण. 

आतून अस्तर. चार मि.मी. जाडीच्या चार पट्ट्या, पेटीच्या काठाच्या बोटभर वर आलेल्या. झाकण त्यांच्यावरून सरकते. सगळी गंमत या पट्ट्यांत. रंध्याचा एक हात कमी पडला तर झाकण अडते. एक जास्त झाला तर आदळते. मधली जागा किती, ते मला सांगता येणार नाही. काल ती सापडली.

अस्तराला पॉलिश करायचे नाही. पॉलिशची जाडीही येथे जास्त होते.

१५ मार्च, रविवार

शेजारचे अंबादास मामा पेटी बघायला आले. लाकूड त्यांचेच. आयुष्यभर हातमाग चालवला, दिवाळीत तो मोडला, सागवान मला दिले. मागाच्या जागी आता कूलर ठेवला आहे. वाईट वाटते का, असे मी एकदा विचारले होते. "कशाला वाटतंय? त्यानं घाम काढला, ह्यो वाळवतोय."

मामांनी झाकण सोडून बघितले नाही. आधी काठ बघितला. झाकणाच्या कडेने मी शिसवाचे बारीक त्रिकोण बसवले आहेत, लुगड्याच्या करवतकाठासारखे. मामांनी बोट फिरवले, ओठ हलवत मोजत गेले. थांबले.

"बाई, हितं एक दात उलटा हाय."

खरेच होता. मागच्या बाजूला, डावीकडून सातवा.

"कापडात असता तर मालकानं पीस परत केला असता. लाकडात कोण बघतंय."

"तुम्ही बघितला की."

"मी काय, मी रिकामाच हाय."

मग त्यांनी झाकण सोडले. उतरताना बघून तेलुगूत काहीतरी पुटपुटले. काय म्हणालात विचारले तर, "काई नाई. चांगलंच म्हणलो."

उलटा दात तसाच ठेवणार. काढायला गेले तर शेजारचे दोन तुटतील.

२२ मार्च, रविवार

प्रज्ञाचा फोन. ठरले. साखरपुडा दहा मेला इथे, सोलापुरात. लग्न डिसेंबरात, तिकडे. समीरच्या घरचे रत्नागिरीचेच, ती बँकेच्या नोकरीमुळे तिथे गेली आणि आता तिथलीच होणार. आम्ही आईबाप, मी आणि मिलिंद, दोघेही एकदम बोलत होतो. तिला काहीच ऐकू आले नसेल.

मग मी म्हणाले, पेटी तुला.

"आई, सामान नको. एका खोलीत राहते मी. पुढचं घरही एवढुसंच असणार आहे."

"सामान नाही, पेटी आहे."

"पेटी म्हणजे सामानच असतं."

व्हिडिओ कॉल लावला. झाकण सोडले. सहाव्या सेकंदाला तिकडचे चित्र अडकले. परत आले तेव्हा झाकण टेकले होते.

"छान आहे. पण पटकन का नाही पडत?"

आठ पेट्या सात घरांत आहेत. एकीत सुया-दोरे, एकीत मिलिंदच्या बी.पी.च्या गोळ्या, एकीत म्हणे दुधाची कार्डे. प्रज्ञाकडे एकही नाही. पहिली तिलाच दिली होती. ती इथे कपाटावर आहे. रत्नागिरीला जाताना तिने कुकर नेला, इस्त्री नेली.

ही तिने न्यायला हवी. बाकी काही मागत नाही.

१४ एप्रिल

जयंती. खोलीचे कुलूप काढले नाही. पाय दुखतात. घसा गेला.

२० एप्रिल

त्रेचाळीस अंश. लाखेचे पॉलिश. फडके पुढे जाते तोवर मागचे वाळलेले असते. अशा हवेत काम करायला मजा येते, हे कोणाला पटत नाही. दिवसाला सहा हात झाले. लाकूड आतून उजळत चालले आहे. मागात होते तेव्हा काळे दिसायचे, तेल आणि हाताच्या मळाने.

मिलिंद खालून: "काय करलालीस एवढ्या उन्हात? मरशील की."

दर हातानंतर झाकण मोजते. अकरा. अकरा. अकरा.

एक सुचले आहे. साखरपुड्याच्या अंगठ्या तबकात ठेवायच्या नाहीत. या पेटीत ठेवायच्या. सगळ्यांसमोर झाकण उचलायचे. मिलिंदला सांगितले. त्याने मान हलवली. त्यालाही आवडले आहे, फक्त म्हणणार नाही.

१ मे

पौर्णिमा. खीर. विहारातून आल्यावर पॉलिशचा शेवटचा हात. आता हात लावायचा नाही.

लावलाच. अकरा.

९ मे, शनिवार

पाहुणे दुपारी पोचले. प्रज्ञा, समीर, त्याचे आईवडील. गाडीतून उतरताच विहीणबाई ओट्यावर बसल्या. म्हणाल्या, "हे ऊन आहे की काय आहे?" कूलर फुल केला, दारे लावली, पडदे ओढले.

व्याही एस.टी.च्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. हडकुळे. शर्टाच्या खिशात पेन आणि छोटी स्टीलची पट्टी. पेटी हातात घेतली, झाकण सोडले, घड्याळात बघितले. छान वगैरे काही म्हणाले नाहीत.

"गॅप किती ठेवलाय, ताई?"

"मोजला नाही. हाताने जमवला."

"हात चांगला आहे. पण आकडा पाहिजे. आकडा नसेल तर दुसऱ्याला कसा सांगणार?"

विहीणबाई म्हणाल्या, "ह्यांना पाहुणापण मोजून लागतो. माझी आई आली होती, तिलाच विचारलं, किती दिवस?"

मला माणूस आवडला.

संध्याकाळभर पेटी हॉलमध्ये टेबलावर. ज्याला त्याला झाकण सोडून बघायचे होते. मी झाकण काढून बाजूलाच ठेवले, बघणाऱ्याला आतले अस्तरही दिसावे म्हणून. तशीच राहू दिली. पाहुणे हॉलमध्येच झोपतील, कूलर रात्रभर चालू.

१० मे, रविवार

दुपार. सगळे जेवून आडवे झाले आहेत. घडले ते क्रमाने लिहिते.

स. सात. पेटीत दोन अंगठ्या ठेवल्या, झाकण सोडले. सव्वीस सेकंद. मी आनंदाने मिलिंदला हाक मारली. मला वाटले पेटी रात्रीत आणखी सुधारली. हे मी लिहून ठेवते आहे म्हणजे पुढे कधी स्वतःला शहाणी समजणार नाही.

दहाला बौद्धाचार्य आले. वंदना झाली. ते म्हणाले, अंगठ्या. मी पेटी पुढे आणली. सगळे मोबाईल वर. झाकण उचलले. झाकणाबरोबर अख्खी पेटी उचलली गेली.

पुन्हा उचलले. पुन्हा अख्खी पेटी.

समीरने खालून धरले, मिलिंदने वरून ओढले. माझी बहीण म्हणाली तेल सोडा. कोणी म्हणाले सुरी घाला. मी म्हणाले सुरी कोणी आणली तर मी इथून जाईन. प्रज्ञा पदर तोंडाला लावून हसत होती. बौद्धाचार्य शांत उभे होते. ते शांत होते म्हणून मला जास्त लाज वाटत होती.

अंबादास मामा मागून म्हणाले, "आदी त्यो कूलर बंद करा. हवेत पानी हाय. सूत फुगतंय, लाकूड फुगनार न्हाई व्हय?"

व्याह्यांनी माझ्याकडे बघितले. "ताई, रात्रभर आमच्या रत्नागिरीची हवा खाल्ली हिने."

पेटी वर पत्र्याच्या खोलीत नेली. खाली सरबत वाटले. मी आणि व्याही पेटीसमोर स्टुलांवर बसलो. भट्टीच होती. त्यांनी शर्टाची वरची बटणे काढली, घाम पुसला, पण खाली गेले नाहीत. दर पाच मिनिटांनी झाकण हलवून बघायचे.

"आमच्याकडे पाऊस लागला की कपाट लागत नाही. दिवाळीनंतर आपोआप लागतं. दारं रंधून घेतो आम्ही."

"किती रंधता?"

"अडतं तेवढं. मग उन्हाळ्यात फट पडते. त्यातून पाल येते." जरा थांबून: "ही पेटी तिकडे येणार ना?"

तेव्हा मला कळले. म्हणजे आधीच कळायला हवे होते, पण तेव्हा कळले. ही पेटी मी सोलापूरच्या मार्चमध्ये, सोलापूरच्या मार्चसाठी केली आहे.

सव्वा तासाने झाकण सुटले. व्याही जिन्यावरून ओरडले. आम्ही दोघे घामाने निथळत अंगठ्या घेऊन खाली आलो. टाळ्या. फोटोत मी भिजलेली दिसते.

फार छान झाले सगळे. खरेच. असा साखरपुडा कोणी विसरणार नाही, असे विहीणबाई तीनदा म्हणाल्या.

प्रज्ञाला विचारले, नेशील ना? ती हसली. "पावसाळ्यात उघडली तर नेईन."

हसत म्हणाली. पण म्हणाली.

११ मे

पाहुणे पहाटे गेले. निघताना व्याह्यांना मागाच्या त्याच सागवानाच्या चार पट्ट्या दिल्या, अस्तराच्या जाडीच्या, अगदी ४.०० मि.मी. कॉलेजच्या फिजिक्सवाल्या सरांच्या घरून काल रात्री व्हर्निअर आणले होते. घरात उघड्यावर ठेवा, पाऊस लागला की मोजा, असे मी म्हणाले. त्यांनी पट्ट्या चष्म्याच्या घरात ठेवल्या आणि चष्मा खिशात टाकला.

"मायक्रोमीटर आहे माझ्याकडे. रोज मोजू?"

"रोज कशाला?"

"मग काय करू? रिटायर आहे."

२४ मे

सुट्टी. हॉलमध्ये घरगुती रत्नागिरी केली. कूलर, बंद दारे, दोरीवर ओल्या चादरी. पेटी मध्ये. मिलिंद बनियनवर बसून पेपर वाचत होता, पेपर मऊ पडला. "लोक गोव्याला जातात. आम्ही हितंच कोकणात." दुपारी म्हणाला, त्याच्या पाठीला बुरशी येणार आहे.

सायंकाळी झाकण अडले. वर नेले, सुटले. चार दिवस हाच खेळ. तरी हे खोटे पावसाळे. खरा आकडा तिकडून येईल.

८ जून

व्याह्यांचा मेसेज. "ताई नमस्कार. पाऊस लागला. पट्टी १ – ४.०३. पट्टी २ – ४.०३. पट्टी ३ – ४.०२. पट्टी ४ तुमच्या विहीणबाईंनी चूल पेटवायला घेतली होती, वाचवली. ४.०३."

हसू येत होते. वर्गात जाईपर्यंत तीनदा वाचला.

१५ जून

४.०७, ४.०७, ४.०६, ४.०८.

इथेही ढग आले आहेत. माझ्या अकराचे चौदा झाले.

२१ जून, रविवार

४.१०. चारही. तीन दिवस हाच आकडा. "स्थिर झाले असे वाटते," असे त्यांनी लिहिले आहे. खाली स्वतःचे पूर्ण नाव.

दहावा भाग. एका मि.मी.चा दहावा भाग. एवढ्याने माझ्या मुलीच्या घरी पेटी बंद राहणार.

२२ जून

रात्री झोप लागली नाही असे नाही, पण सकाळी उठले तेव्हा उत्तर डोक्यात तयार होते.

अस्तर दहाव्या भागाने उतरवायचे. म्हणजे इथे झाकण ढिले होणार. आदळणार. खडखडणार. कोणी बघितले तर म्हणेल, बाईंना जमले नाही. ती पेटी तिकडे गेली की फुगत फुगत स्वतः त्या जागी येईल. इथे बिघडवायची, तर तिथे होणार. आणि तिथे झाली की मी ती बघायला नसणार.

इतका आनंद झाला की चहा उतू गेला.

मिलिंदला सांगितले.  "म्हणजे चांगली वस्तू तू आता मुद्दाम घालवणार."

"हो."

"आणि नाही फुगली तर?"

"फुगेल. मोजले आहे."

"खोकं तुझं. तू बघ."

तो रागावला नव्हता. त्याला अकरा सेकंद आवडायचे. दुपारी जेवून आल्यावर कधी कधी वर येऊन एकदा सोडून जायचा. ते मला माहीत आहे, त्याला माहीत नाही मला माहीत आहे ते.

२३ जून

कॉलेजहून आल्यावर खोलीत. रंधा नको, खरवडणीचे पाते घेतले. पहिला हात मारायला वीस मिनिटे लागली. म्हणजे हात नाही, धीर.

एकेका बाजूला दोन हात. झाकण: नऊ सेकंद.
पुन्हा दोन. सहा.
पुन्हा दोन. तीन.
व्हर्निअर. अजून दोन शतांश बाकी.
पुन्हा एक. टप्.

टप्. एक सेकंदही नाही. बोटाने हलवले तर झाकण डावी-उजवीकडे हलते.

तीन महिने जे जपले ते दीड तासात काढले. वाईट वाटेल म्हणून थांबले होते. नाही वाटले. शिटी वाजवावीशी वाटत होती. मला येत नाही.

२५ जून

अंबादास मामांना दाखवले. झाकण सोडले. टप्.

"ढिलं झालं की वो, बाई."

समजावले. पावसाची हवा, पट्ट्या, आकडे. मामा ऐकत होते. मग म्हणाले, "आमी पन पावसाळ्यात सुताचा ताना ढिला धरायचो. कडक धरला तर सकाळी आपआप ताठतंय, तुटतंय." पेटीला हात लावून: "पर ती काय बोलंल? पोरगी?"

"उघडली तर नेईन म्हणाली."

"तसं न्हाई. तुमी बिगाडली ते कळल्यावर."

मी पेटी उचलून वर नेली.

२८ जून, रविवार

समीर पुण्याला कामाला आला होता, तिथून वाट वाकडी करून इथे. पेटी न्यायला. मुलगा कमी बोलतो, जेवतो मात्र नीट. झाकण खडखडत होते म्हणून त्याने टॉवेलात गुंडाळली आणि टॉवेलाला रबर.

"पप्पांनी जागा केलीय. टीव्हीच्या बाजूला. टीव्ही सरकवला."

"कपाटात ठेवू नका. उघडी हवा लागू दे."

"सांगितलंय त्यांनी. आम्हाला हात लावायला पण बंदी आहे. रोज सकाळी सातला तेच सोडणार."

"आणि प्रज्ञा?"

"तिचं काही माहीत नाही," म्हणाला आणि बॅग उचलली.

खोली रिकामी. दहावी पेटी सुरू करावी. फळी काढली, परत ठेवली.

१ जुलै

"ताई नमस्कार. स. ७. झाकण १ सेकंद. पाऊस मध्यम."

३ जुलै

"३ सेकंद. पाऊस जोरात."

तिसऱ्या तासाला मुलांना सांगितले, आज लवकर सोडते. का ते सांगितले नाही.

६ जुलै

"७ सेकंद. रात्रभर पाऊस. लाईट नाही. टॉर्चने मोजले."

मिलिंदने मेसेज माझ्या आधी वाचला होता. म्हणाला, "सात." जणू क्रिकेटचा स्कोअर.

९ जुलै

"११ सेकंद."

नुसते एवढेच. पावसाचे नाही, नमस्कार नाही. खाली व्हिडिओ. उघडला. त्यांचा अंगठा कॅमेऱ्यावर आला आहे. सगळे गुलाबी-काळे. मागे कौलांवरचा पाऊस आणि त्यांचा आवाज, एक, दोन, तीन, चार. अकराला थांबले. मग विहीणबाई लांबून: "झालं का? चहा गार झाला."

मी आणि मिलिंदने तो व्हिडिओ पाच वेळा ऐकला. दिसत काहीच नाही. सगळे दिसले.

मामांना जाऊन सांगितले. त्यांनी कूलरवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आता थांबतंय का बगा."

१० जुलै

आता थांबतंय का बगा.

दहाला फळ्यासमोर उभी असताना कळले. मी अस्तर मोजले. पट्ट्या चारच पाठवल्या, अस्तराच्या. झाकणाच्या भिंती मोजल्याच नाहीत. त्या दहा मि.मी. जाडीच्या. जाड लाकूड उशिरा फुगते, आणि फुगले की आतही येते. पॉलिश आहे म्हणून आणखी उशिरा. पण येते.

अस्तर बाहेर वाढले, थांबले. भिंती अजून आत येत आहेत.

पुढचे वाक्य खडूने अर्धे राहिले. एका मुलीने पूर्ण करून दिले.

१३ जुलै

"१४ सेकंद."

१६ जुलै

"१७." आणि खाली: "हे बरोबर आहे ना, ताई?"

फोन केला. खरे सांगितले. भिंतींचे. 

"चूक माझीपण आहे. मी विचारायला हवं होतं, भिंती किती जाड. मी काढू का थोडं अस्तर? पॉलिश पेपर आहे घरात."

"नको."

"बरं."

"थांबा. विचार करू द्या."

"तुमचं सावकाश. सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत सरकेल, मग अडेल, असं मला वाटतं. सकाळी सव्वीसला होती तेव्हा दहापर्यंत अडली होती ना तिकडे."

साखरपुड्याचा आकडा त्यांनी लिहून ठेवला आहे.

मी म्हणाले, प्रज्ञाला सांगू नका.

"तिला काय सांगायचं? ती रोज येते संध्याकाळी बँकेतून. चहा घेते. झाकण सोडून बघते. मी म्हणतो सकाळी मोजलंय, तर म्हणते माझं वेगळं."

"तुम्ही बोलला नाहीत कधी."

"तुम्ही विचारलं नाहीत."

प्रज्ञा रोज रात्री फोन करते. भाजी काय केली, पप्पांच्या गोळ्या संपल्या का. पेटीचा एक शब्द नाही. मीही काढत नाही.

१८ जुलै, शनिवार

"२०."

बसून एक कागद लिहिला. व्याह्यांसाठी. पॉलिश पेपर कोणता, लाकडाच्या ठोकळ्याला कसा गुंडाळायचा, अस्तरावर खालून वर न्यायचा, वरून खाली नाही. एका बाजूला तीन हात. चौथा नाही. मग झाकण सोडून बघा. चित्र काढले. तीन वेळा काढले, तिसऱ्या वेळी बाण नीट आले.

त्यांचा हात बरा आहे. पण पाना धरणारा हात. लोखंडाला चौथा हात चालतो.

नाही काढले तर तीन-चार दिवसांत अडेल. अडली की अट हुकली, प्रज्ञा नेणार नाही. काढले आणि जास्त गेले तर दिवाळीनंतर पुन्हा टप्. मग डिसेंबरात लग्नाला तिकडे जाऊन मी ती खडखडताना बघायची.

मिलिंद म्हणाला, "पाठव की कागद. काय होतंय?"

"आणि बिघडली तर?"

"एकदा बिघडवलीस की तू. जमली."

कागदाचा फोटो काढला. पाठवला नाही.

१९ जुलै, रविवार

सकाळचा आकडा: २२.

दुपारी दहाव्या पेटीची फळी रंधली. भिंती सहा मि.मी. धरल्या आहेत. हात छान चालला. पत्र्यावर बारीक पाऊस, इथला, पाच मिनिटांचा.

उद्या सातला आकडा आला की ठरवणार. चोवीसच्या वर असेल तर कागद पाठवायचा. खाली असेल तर एक दिवस आणखी.

रात्री प्रज्ञाचा फोन आला नाही. मेसेज: "थकलेय. उद्या बोलू."

२० जुलै, सोमवार

स. ७.१०. व्याह्यांचा मेसेज. "ताई नमस्कार. आज आकडा नाही. पेटी काल संध्याकाळी प्रज्ञाने तिच्या खोलीवर नेली. पावसात, छत्री धरून. मी म्हटले पावसाळा तर संपू दे, तर हसली. सेकंद आता तिला विचारा."

तिची बँक दहाला. अजून विचारले नाही.